.22 पिस्तूल का अडते? पार्श्वभूमी एका काडतुसाची

स्पोर्ट पिस्तूल, म्हणजे नेमबाजी स्पर्धेचे .22 इंची पिस्तूल, चालवणाऱ्याच्या तक्रारी बहुतेक दोनच असतात. मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे ते उडते त्या नळीच्या मागच्या खोबणीत, न जाता तिच्या तोंडाशीच अडते, किंवा गोळी गेल्यावर उरलेली काडतुसाची रिकामी नळी (केस) बाहेर न फेकली जाता स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकते. या दुसऱ्या प्रकाराला रेंजवर स्टोव्हपाइप म्हणतात. दोष लगेच पिस्तुलावर जातो. पण दुखण्याचे मूळ पिस्तुलापेक्षा काडतुसात जास्त आहे, आणि हे काडतूस स्वयंचलित पिस्तुलांपेक्षा जुने आहे.

1845 च्या सुमारास पॅरिसमध्ये लुई-निकोला फ्लोबेरने घरात बसून नेमबाजी करता येईल असे छोटे रिमफायर (पेट घेणारा मसाला कडेत असलेले) काडतूस बनवले. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .22 शॉर्ट आणले आणि 1887 मध्ये अमेरिकेतल्याच स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल. आज 25 मीटरच्या स्पर्धांत उडते ते हेच. ही काडतुसे एकेक करून हाताने भरायची किंवा रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकवायची. तिथे केसच्या बुडाशी बाहेर आलेली कड सोयीचीच होती, कारण तिच्यामुळे काडतूस आत घसरत नाही.

मॅगझिनमध्ये मात्र हीच कड आड येते, आणि ती काढूनही टाकता येत नाही. पेट घेणारा मसाला तिच्याच पोकळ घडीत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हा बार उडतो. केसची नळी साधारण 5.7 मिलिमीटर, कड 7 मिलिमीटर. एकावर एक रचलेल्या काडतुसांत वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असली तरच ते सुटते. मागे राहिली तर स्लाइड पुढे येताना दोन्ही एकमेकांत गुंततात. .22 ची मॅगझिने तिरकी असतात त्यामागे हेही कारण आहे. म्हणूनच भरताना मॅगझिनचे बटण पूर्ण खाली ओढून काडतुसे आत सोडू नयेत. मोकळी जागा मिळाली की ती तिरपी पडतात आणि कडांचा क्रम बिघडतो. लागेल तेवढेच बटण दाबून एकेक सरकवावे.

गोळीही जुन्याच घडणीची आहे. तिचा उघडा भाग केसइतकाच जाड असतो, फक्त शेपटाकडे बारीक करून ती केसमध्ये बसवतात. त्यामुळे वंगणाचे मेण बाहेरूनच लावावे लागते. ते मेण, शिशाचे कण आणि काजळी मिळून रॅम्पवर (काडतूस चेंबरकडे चढवणाऱ्या उतारावर) आणि चेंबरच्या तोंडाशी थर धरतात. थंडीत हा थर घट्ट होतो, उन्हाळ्यात चिकट. एरवी चांगले चालणारे पिस्तूल भरपूर गोळ्या झाडल्यावर अडू लागले, तर मी आधी चेंबर पाहायला सांगेन.

कोल्टने 1915 मध्ये जॉन ब्राउनिंगच्या रचनेचे .22 टार्गेट पिस्तूल काढले. 1927 पासून ते वुड्समन म्हणून ओळखले जाऊ लागले. अशा पिस्तुलांत पिस्तुलाची नळी आणि स्लाइड यांना जोडून ठेवणारे कुलूप नसते. केसवरचा वायूचा दाब स्लाइडला मागे ढकलतो आणि तिला रोखायला तिचे वजन व स्प्रिंग एवढेच असते. 1930 मध्ये रेमिंग्टनची जास्त वेगाची काडतुसे बाजारात आली. ती जुन्या वुड्समनला झेपणारी नव्हती, म्हणून 1932 मध्ये कोल्टला मेनस्प्रिंगचा कप्पा मजबूत करावा लागला. पिस्तूल ठरावीक ताकदीच्या काडतुसाशीच जुळलेले असते, हे या प्रसंगातून स्पष्ट दिसते. काडतूस कमजोर पडले तर स्लाइड पुरती मागे जात नाही. मग केस अडकते किंवा पुढचे काडतूस उचललेच जात नाही. काडतूस जास्त ताकदीचे असले तर मॅगझिनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर आणण्याआधीच स्लाइड परत येते.

नेमबाजांना मात्र धक्का कमीत कमी हवा होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या कॉर्नेलियस फान ओयेनने वाल्थर पिस्तुलावर रॅपिड फायरचे सुवर्ण जिंकले. या प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि सर्वांत अवघड मालिकेत त्यासाठी फक्त 4 सेकंद. धक्का कमी म्हणून इथे .22 शॉर्ट रुळले. पण एवढ्या दुबळ्या काडतुसावर स्लाइड मागे न्यायची तर ती हलकीच हवी. पिस्तुलाचा धक्का जितका मऊ, तितकी त्यात चुकीला जागा कमी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने 2005 पासून रॅपिड फायरलाही .22 लाँग रायफल आणि ओढायला किमान 1000 ग्रॅम जोर लागणारा ट्रिगर सक्तीचा केला, तेव्हा शॉर्टवर बांधलेली खास पिस्तुले ऑलिंपिकमधून बाहेर पडली.

महिलांचा 25 मीटर पिस्तूल प्रकार ऑलिंपिकमध्ये 1984 साली आला. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. त्यातल्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य 3 सेकंद दिसते, मग 7 सेकंद थांबावे लागते. पिस्तूल अडले तर मोकळा हात वर करायचा, नळी लक्ष्याकडेच ठेवायची आणि स्लाइडला हात लावायचा नाही. रेंज ऑफिसरने पाहण्याआधी स्लाइड ओढली की बिघाडाचा दावा गेला. सरावात अडकलेली केस झटकून टाकायची सवय ज्याला आहे, त्याचा हात स्पर्धेतही आपसूक तिकडेच जातो.

दुरुस्तीला पिस्तूल उघडण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रचनेत केस मुख्यतः वायूच्या दाबानेच मागे येते. एक्स्ट्रॅक्टर (कडेला पकडणारा आकडा) तिला इजेक्टरवर, म्हणजे तिला बाहेर उडवणाऱ्या खुंटीवर, आदळेपर्यंत धरून ठेवतो. रिकाम्या केस नीट बाहेर पडतात, पण न उडालेले काडतूस हाताने स्लाइड ओढूनही निघत नाही, तेव्हा संशय एक्स्ट्रॅक्टरच्या नखीवर घ्यावा. काडतूस आत जातानाच अडत असेल तर मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणारे वरचे वळवलेले काठ) पाहावेत. मॅगझिनांवर खुणेचे आकडे घालावेत आणि प्रत्येक अडथळ्यासमोर मॅगझिन कोणते, गोळी कितवी, काडतुसांचा लॉट कोणता हे वहीत लिहावे. सगळे अडथळे एकाच मॅगझिनचे निघाले तर एक्स्ट्रॅक्टरला हात लावू नये.