बाल्टिमोर तडजोडीबाहेर का राहिले

२०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हजारो शहरांपुढे आणि काउंट्यांपुढे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एकाच मजकुराचा करार सहीसाठी ठेवलेला होता. मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन (हिचे नाव आता सेंकोरा) या औषधांच्या तीन बड्या घाऊक वितरक कंपन्या आणि औषधे बनवणारी जॉन्सन अँड जॉन्सन मिळून २,६०० कोटी डॉलरपर्यंत मोजायला तयार होत्या. बदल्यात ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या कुळातल्या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवरून भरलेले दावे मागे घ्यायचे आणि पुन्हा भरायचे नाहीत. मुदत २६ जानेवारीपर्यंत. बहुतेकांनी सह्या केल्या. मेरीलँड राज्याने केली, पण त्याच राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराने, बाल्टिमोरने, केली नाही. हा नकार शहाणपणाचा होता की आडमुठेपणाचा, यावर आजही एकमत नाही. पण निकालाचे आकडे हाती आल्यामुळे वाद आता निदान मुद्द्याला धरून घालता येतो.

ऑक्सिकॉन्टिन हे असे वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आले, पर्ड्यू कंपनीने ते दिशाभूल करून खपवल्याचा गुन्हा २००७ मध्ये कबूल केला, गोळ्या मिळेनाशा झाल्यावर लोक हेरॉइनकडे आणि मग फेंटानिल या त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइडकडे वळले, हे सगळे आता अनेकदा सांगून झाले आहे. शहरांच्या दाव्यांसाठी त्याहून महत्त्वाचे साल १९९८ आहे, आणि ते तंबाखूचे आहे. त्या वर्षी ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी २५ वर्षांत २०,६०० कोटी डॉलर घेण्याची तडजोड केली. त्यातला फार थोडा पैसा धूम्रपान सोडवण्यासाठी वापरला गेला. उरलेला रस्ते, अंदाजपत्रकातली तूट आणि कर्जफेड यांत जिरला. बहुतेक शहरांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. ओपिऑइडच्या वेळी राज्यांवर विसंबून न राहता शहरे आणि काउंट्या आपापले वकील घेऊन न्यायालयात का गेल्या, याचे उत्तर तिथे आहे.

दावे इतके झाले की २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय न्यायालयांतले सगळे दावे क्लीव्हलंडच्या एका न्यायाधीशांकडे एकत्र सोपवण्यात आले. पुढे त्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. या न्यायाधीशांनी २०१९ मध्ये एक अभिनव व्यवस्था मंजूर केली होती: देशातली सगळी शहरे आणि काउंट्या मिळून वाटाघाटीपुरता एक गट मानायचा, आणि कंपन्यांचा प्रस्ताव आला की या गटाने मतदानाने तो स्वीकारायचा किंवा फेटाळायचा. अनेक राज्यांना हे रुचले नाही, कंपन्यांनाही नाही. वर्षभराने वरच्या न्यायालयाने, कायद्यात अशा गटाला आधार नाही, असे सांगून ती व्यवस्था मोडीत काढली. हा निकाल फारसा कोणाच्या लक्षात नाही, पण शहरांची सौदा करण्याची ताकद तिथेच गेली. त्यानंतर अटी ठरवल्या त्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्य सरकारांच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, आणि कंपन्यांनी. शहरांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचे उरले.

नाही म्हणणेही सोपे राहू नये, अशी कराराची रचना होती. वितरकांचे २,१०० कोटी १८ वर्षांत यायचे, जॉन्सन अँड जॉन्सनचे ५०० कोटी त्याहून बऱ्याच लवकर. पण राज्याला पूर्ण रक्कम हवी तर त्यातली शहरे आणि काउंट्याही आत यायला हव्यात. रकमेचा मोठा भाग, जवळपास निम्मा, या सहभागावर अवलंबून ठेवलेला होता. दावा भरलेले एखादे मोठे शहर बाहेर राहिले की साऱ्या राज्याच्या पदरात कमी पडणार. म्हणजे शहरावर दबाव आणण्याचे काम कंपन्यांना करावेच लागले नाही, ते शेजारच्या काउंट्यांनी आणि राज्यानेच करायचे. तंबाखूच्या अनुभवावरून घेतलेली एक चांगली अटही करारात आहे, ती नोंदवायला हवी: किमान ८५ टक्के रक्कम व्यसनमुक्ती, उपचार आणि प्रतिबंध यांवरच खर्च करायची.

फिलाडेल्फियात याच करारावरून जाहीर भांडण झाले. शहराच्या मुख्य सरकारी वकिलांनी राज्याच्या ॲटर्नी जनरलविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. शहराच्या वाट्याला १८ वर्षांत सुमारे २० कोटी डॉलर यायचे होते, म्हणजे वर्षाला १ कोटी १० लाख. त्या शहरात अतिसेवनाने वर्षाला बाराशेच्या आसपास माणसे मरत होती. तरीही अखेर फिलाडेल्फियाने हातचे सोडले नाही, ते सामील झाले.

बाहेर राहण्यात काय धोका होता, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनकडे पाहून कळते. हे शहर ज्या कॅबेल काउंटीत आहे तिची लोकसंख्या एक लाखाहून कमी, आणि तिथे आठ वर्षांत ८ कोटी १० लाख गोळ्या आल्या होत्या. शहर आणि काउंटी तिन्ही वितरकांविरुद्ध खटला चालवायला उभी राहिली आणि ४ जुलै २०२२ रोजी हरली. निकालानंतर महिना उलटायच्या सुमारास राज्यातल्या बाकीच्या शहरांनी आणि काउंट्यांनी त्याच तीन कंपन्यांकडून ४० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. हंटिंग्टनच्या तोंडाला पाने पुसली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि दावा पुन्हा जिवंत झाला, पण बाल्टिमोरला निर्णय घ्यायचा होता तेव्हा हे कोणाला ठाऊक असणार?

बाल्टिमोरने दावा भरला होता २०१८ च्या जानेवारीत, आणि तो क्लीव्हलंडच्या ढिगात न जाता शहराच्याच सर्किट कोर्टात चालला. बाल्टिमोर कुठल्याही काउंटीत मोडत नाही, ते स्वतःच काउंटीच्या दर्जाचे शहर आहे. त्यामुळे ज्युरीतले लोक बाल्टिमोरचेच असणार होते, म्हणजे ज्यांच्या गल्लीत, बहुधा ज्यांच्या नात्यात, कोणी ना कोणी या व्यसनाने गेले आहे असे. कंपन्यांच्या वकिलांना या गोष्टीची धास्ती नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शहराचे दुसरे कारण आकड्यांचे होते. राष्ट्रीय करारातली वाटणी ठरवताना मृत्यू, व्यसनाचे प्रमाण आणि गोळ्यांचा पुरवठा हे निकष धरले असले, तरी आपल्या वाट्याला येणारी रक्कम नुकसानीच्या मानाने किरकोळ आहे, असे शहराचे म्हणणे होते. २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी मृत्यूंच्या नोंदी तपासून दाखवले की सहा वर्षांत या शहरात अतिसेवनाने जवळपास ६,००० माणसे मेली. लोकसंख्या पावणेसहा लाख धरली तर शंभरातले एक. कोणत्याही मोठ्या अमेरिकी शहराच्या मानाने हा दर कितीतरी वर होता.

पण कंपन्यांकडे एक बिनतोड वाटणारा मुद्दा होता: बाल्टिमोर हे गोळ्या येण्याआधी कित्येक दशके हेरॉइनचे शहर होते आणि आज तिथे माणसे मरतात ती बेकायदा फेंटानिलने. गोळ्या परवानाधारक, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आणि सरकारने ठरवलेल्या कोट्यात बनलेल्या. शहराचे उत्तर असे की १९७० च्या कायद्याने घाऊक वितरकांना संशयास्पद मागण्या हेरून केंद्रीय अमली पदार्थ खात्याला कळवणे आणि त्या रोखणे बंधनकारक आहे, आणि त्यांनी ते केले नाही. हा सगळा वाद ‘सार्वजनिक उपद्रव’ या जुन्या कायदेशीर कल्पनेवर उभा होता. आपल्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली तुंबलेल्या गटारापासून धोकादायक इमारतीपर्यंत ज्या तक्रारी होत, त्याच कुळातली ही कल्पना. ती दुकानात विकल्या गेलेल्या वस्तूच्या परिणामांना लावता येते का, यावर अमेरिकेतल्या न्यायालयांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्धचा ४६.५ कोटी डॉलरचा निकाल याच मुद्द्यावर रद्द केला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये औषध दुकानांच्या साखळ्यांना तसाच दिलासा दिला.

तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरकडे पैसे येऊ लागले. खटला उभा राहण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत ॲलर्गन या औषध कंपनीने ४.५ कोटी डॉलर देऊ केले, सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने ४.५ कोटी, कार्डिनलने १५.२५ कोटी, वॉलग्रीन्स ही दुसरी साखळी आणि टेवा ही औषध कंपनी यांनी प्रत्येकी ८ कोटी. बेरीज ४०.२५ कोटी. शहराच्या हिशेबाने, राष्ट्रीय करारातून ॲलर्गनचे जेमतेम ७० लाखांच्या आसपास आले असते, तेही सात वर्षांत. या काळातली एक गोष्ट मात्र कायम खटकत राहते. वृत्तपत्रांतले आकडे वाचून नगर परिषदेने अतिसेवनाच्या मृत्यूंवर जाहीर सुनावणी ठेवली होती. खटल्याला बाधा येईल या कारणाने प्रशासनाने ती रद्द करायला लावली. ज्या मृत्यूंच्या नावाने भरपाई मागायची, त्यांबद्दल शहराच्या सभागृहात बोलायला बंदी.

मॅकेसन आणि सेंकोरा यांनी तडजोड केली नाही. नोव्हेंबरमध्ये ज्युरीने दोघींना दोषी धरून २६.६ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, त्यातले सुमारे १९.२ कोटी मॅकेसनने द्यायचे. शहरात जल्लोष झाला आणि एकूण आकडा ६६.८५ कोटी म्हणून मिरवला गेला. शिवाय शहराने पुढच्या उपाययोजनांसाठी ५२० कोटींची वेगळी मागणी न्यायाधीशांपुढे ठेवली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी, ज्युरीची रक्कम पुराव्यांना धरून नाही, असे ठरवून पर्याय दिला: सुमारे ५.२ कोटी घ्या, नाहीतर खटला नव्याने चालवा. शहराने कमी रक्कम पत्करली. उपाययोजनांची मागणी पुढे त्याच वर्षी फेटाळली गेली.

म्हणून हा जुगार फसला असे जे म्हणतात, ते निकालाकडे पाहतात आणि तडजोडींकडे डोळेझाक करतात. बाल्टिमोरला पैसा खटल्याने मिळवून दिला नाही, खटल्याच्या धाकाने दिला. ज्या पाच कंपन्यांना स्थानिक ज्युरीसमोर उभे राहायचे नव्हते त्यांनी ४०.२५ कोटी मोजले. ज्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या त्या ज्युरीसमोर हरूनही स्वस्तात सुटल्या. अर्थात शहराचे समर्थकही एक गोष्ट सोयीने विसरतात. राष्ट्रीय करारात वकिलांच्या फीसाठी वेगळा निधी होता. बाल्टिमोरमध्ये वकिलांचा टक्केवारीचा वाटा आणि खर्च मिळालेल्या रकमेतूनच वजा होतो. वजाबाकी न करता दोन्ही आकडे शेजारी ठेवणे हा लबाड हिशेब आहे. उरलेली रक्कम किमान १५ वर्षे पुरेल अशा विश्वस्त निधीत ठेवण्याचा आदेश महापौरांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये काढला.

सही करायची की नाही, हा प्रश्न शहरांपुढे त्यानंतरही येतोच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आणखी आठ औषध उत्पादकांनी मिळून ७२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. यादीत अहमदाबादची झायडस आहे आणि मुंबईत मुख्यालय असलेली सन फार्माही. सनचा वाटा सुमारे ३.१ कोटी डॉलर, झायडसचा १.५ कोटींच्या आसपास. इतक्या लहान रकमांसाठी स्वतंत्र खटला उभा करणे कोणत्याच शहराला परवडणारे नाही.