नवजात उंदरांतील दीर्घपरिणामी वेदनाशमन

शस्त्रक्रिया झालेल्या उंदराच्या पिल्लाला अफूवर्गीय औषधाचे एकच इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवस वेदना आटोक्यात ठेवण्याची पद्धत. प्रयोगशाळेतील माऊस (लहान उंदीर) आणि रॅट (मोठा उंदीर) या दोन्ही जातींत तिचा विचार होतो. औषध बहुधा ब्युप्रेनॉर्फीन असते. ते अफूतील थेबाइनपासून तयार करतात.

इतक्या लहान जिवावर शस्त्रक्रिया कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला तर काय होते हे अभ्यासण्यासाठी सात दिवसांच्या रॅटची एका बाजूची कॅरोटिड धमनी (मानेतून मेंदूला रक्त नेणारी) बांधून त्याला कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवतात. ही पद्धत १९८१ पासून रूढ आहे. एक दिवसाच्या माऊसच्या हृदयाचे कापलेले टोक पुन्हा भरून येते, हे २०११ मध्ये दिसले. आठवडाभरात ही क्षमता जाते, म्हणून असे काम नवजात पिल्लावरच करावे लागते.

नवजाताला वेदना फारशी कळत नाही, हा समज माणसाच्या बाळांबाबतही १९८०च्या दशकापर्यंत टिकून होता. बालरोगतज्ज्ञ कन्वलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो. उंदराच्या पिल्लात वेदना पोहोचवणारे मज्जातंतू जन्मापासून काम करतात. वेदना दाबणारी, मेंदूकडून खाली येणारी यंत्रणा मात्र पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू तयार होते. म्हणजे वेदना पोहोचते आणि तिला आवर घालणारे फारसे काही नसते. शिवाय बालवयात झालेल्या जखमेचा परिणाम पुढे राहतो; त्याच जागी मोठेपणी पुन्हा छेद दिला तर प्रतिक्रिया अधिक तीव्र येते. ‘वेदनाशामक दिले तर निष्कर्ष बिघडतात’ हा आक्षेप त्यामुळे अर्धाच खरा आहे. वेदनाही निष्कर्ष बिघडवते.

साधे ब्युप्रेनॉर्फीन माऊसमध्ये काही तासच पुरते, त्यामुळे रात्रीसुद्धा पुन्हापुन्हा टोचावे लागते. प्रौढ उंदराला हे चालते. पिल्लाच्या बाबतीत मध्ये आई असते. पिल्ले वारंवार उचलली, हातमोज्यांचा किंवा रक्ताचा वास लागला, तर ती पिल्लांना टाकते, कधी खाऊनही टाकते. म्हणून आधी आईला बाजूला काढतात, सगळी पिल्ले घरट्याच्या कापसा-भुशासह एकत्र उचलतात, जखमेचे रक्त पुसतात, तोच भुसा अंगाला चोळतात आणि पिल्ले उबदार झाल्यावर एकदमच परत ठेवतात. हे सारे दर काही तासांनी करणे फार कठीण जाते. दीर्घपरिणामी औषधाचा खरा फायदा इथे आहे: पिल्लाला माणसाचा हात कमी वेळा लागतो.

अशा औषधात ब्युप्रेनॉर्फीन मेदयुक्त द्रवात किंवा विरघळत जाणाऱ्या पॉलिमरमध्ये गुंतवलेले असते आणि कातडीखालून हळूहळू रक्तात उतरते. अमेरिकेत माऊस व रॅटसाठी मिळणारे एक मेदयुक्त औषध १.३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचे आहे. प्रौढ माऊससाठी मात्रा किलोला ३.२५ मिलिग्रॅम. हाच हिशेब दीड ग्रॅमच्या पिल्लाला लावला तर चार मायक्रोलिटरही भरत नाहीत. इन्सुलिनच्या यू-१०० सिरिंजवर एक युनिट म्हणजे दहा मायक्रोलिटर. साधे औषध सलाईनमध्ये पातळ करून मोजता येते. दीर्घपरिणामी औषध तसे पातळ केले तर त्याची सावकाश सुटण्याची रचनाच मोडू शकते. त्यासाठी सूक्ष्म सिरिंज लागते, आणि कातडी पातळ असल्याने टोचलेल्या जागेतून औषध बाहेर झिरपते ते वेगळेच.

दुसरी अडचण अशी, की एकदा टोचलेला साठा परत काढता येत नाही. नवजाताचे यकृत अपुरे वाढलेले असते, रक्त व मेंदूमधला अडसर कच्चा असतो, अफूवर्गीय औषधाने श्वास मंदावतो. ब्युप्रेनॉर्फीन आपल्या ग्राहीला (पेशीवर औषध जिथे जोडले जाते त्या जागेला) घट्ट चिकटते, त्यामुळे अफूवर्गीय औषधांवरचा नॅलोक्सोन हा उताराही पुरता लागू पडत नाही. प्रौढासाठी ठरलेली मात्रा वजनाच्या प्रमाणात उतरवून पिल्लाला देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वेदना ओळखायची कशी? चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची प्रौढांसाठीची पद्धत केस नसलेल्या, डोळे मिटलेल्या पिल्लाला लागू होत नाही. पाहायचे ते पोटातले दूध: पारदर्शक कातडीतून त्याचा पांढरा डाग दिसतो. डाग नसेल तर पिल्लू पीत नाही, मग कारण वेदना असो, औषधाची गुंगी असो वा आईने टाकलेले असो. त्याशिवाय रोजचे वजन, कातडीचा गुलाबी रंग आणि उताणे केल्यावर पालथे होण्याची धडपड पाहतात. ऊब तर सतत सांभाळावी लागते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत प्राणीगृहासाठी १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे, पण उघड्या पिल्लाला घरट्याची त्याहून जास्त ऊब लागते. साताऱ्याच्या हिवाळी पहाटे शस्त्रक्रिया ठेवली तर गरम पॅड आणि त्यामागे इन्व्हर्टर हवाच.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कराड, मिरज, सांगली येथील वैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आणि शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय यांमुळे प्राण्यांवरील औषधशास्त्र हा अपरिचित विषय नाही. नियम सर्वांना सारखेच: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याखालील १९९८ चे नियम आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची आधी मंजुरी. ब्युप्रेनॉर्फीन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात मनःप्रभावी पदार्थ म्हणून नोंदलेले आहे. साठा व वापराचा हिशेब ठेवावा लागतो आणि परदेशी दीर्घपरिणामी औषध आणायचे तर आयातीची परवानगी लागते. येथे अधिक आवाक्यातला मार्ग म्हणजे माणसांसाठीचे ०.३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे अँप्यूल सलाईनमध्ये पातळ करून वापरणे आणि जखमेच्या कडेला पातळ ब्युपिवॅकेन (जागा बधिर करणारे औषध) देणे. त्यात रात्रपाळी आलीच. तिची माणसे व वेळा समितीकडे अर्ज करतानाच ठरवून द्याव्यात.