दूध बाधतं, मग दही कसं चालतं?

सांगली-मिरजेकडे कुणाचं पोट बिघडलं की सल्ला ठरलेला: ‘दूध बंद कर, ताक पी.’ दूध न सोसणाऱ्यांसाठी हा सल्ला योग्यच आहे, पण त्याचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात. दह्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, उरतच नाही, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात दही लागेपर्यंत जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा लॅक्टोज संपतं. बाकीचं वाटीत तसंच असतं. मग ते पचतं कसं?

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. ती फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं, पण जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांत ते बालपणानंतर कमी होत जातं. मग न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती पडून त्याचा हायड्रोजनसारखा वायू होतो. पोट गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात.

दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या जिवाणूंच्या पेशीत लॅक्टेजचंच काम करणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं. सुटं विकर जठरातल्या आम्लात टिकलं नसतं. पेशीभित्तीच्या आत ते सुरक्षित राहतं, आणि दही स्वतः आम्लाचा जोरही थोडा मोडतं. पुढे लहान आतड्यात पित्त येऊन मिळतं. पित्तक्षार मेद विरघळवतात आणि जिवाणूचं पटल मेदाचंच बनलेलं असतं, त्यामुळे ते सच्छिद्र होतं. लॅक्टोज आत शिरतं, विकर बाहेर झिरपतं, तिथली आम्लताही आता उतरलेली असते, आणि जोडी फुटू लागते. जिवाणू मरता मरता आपलं काम करून जातो! त्याने आतड्यात मुक्काम करायची गरजच नाही. मला या विषयातलं सर्वांत विलक्षण काही वाटत असेल तर ते हेच.

१९८४ साली अमेरिकेत लॅक्टोज न पचणाऱ्यांना १८ ग्रॅम लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा दह्यातून देऊन श्वासातला हायड्रोजन मोजला गेला. दह्यानंतर तो सुमारे एक तृतीयांशच भरला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली हा गुण मान्य केला, पण दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, या अटीवर.

घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस जातीचे जिवाणूही असतात. त्यांची लॅक्टोज फोडायची रीत वेगळी, ती आपल्या पोटात फारशी कामी येत नाही. म्हणून प्रत्येक वाटीला ‘प्रोबायोटिक’ म्हणता येत नाही. २००१च्या व्याख्येनुसार जिवाणू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा फायदा दिसायला हवा. बद्धकोष्ठापासून नैराश्यापर्यंत सगळं बरं करणाऱ्या बाटल्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पोटाच्या बहुतेक विकारांत प्रोबायोटिक द्यावं इतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट म्हटलं आहे.

आणि दही लागलं नाही की पाळी आलेल्या बाईच्या हाताला दोष देणं आता तरी थांबवा. थंडीत दूध लवकर गार होतं, विरजण जुनं असतं, किंवा दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईला दिलेलं प्रतिजैविक दुधात उतरून विरजणातल्या जिवाणूंना मारतं. कारणं ही असतात. हाताचा काहीही संबंध नसतो.

उकळलेल्या कढीत जिवाणू मरतात आणि विकरही निकामी होतं. जतकडच्या आंबिलीचंही तेच. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलेलं असलं तरी शिजवताना सगळं संपतं. दूध न सोसणाऱ्याला आंबील द्यायची असेल तर ती पूर्ण गार होऊ द्या आणि मग वरून ताजं ताक घाला.