डिझेलची नळी चोक झालीय का ट्रॅक्टर हवा धरतोय? आधी हे ओळखा, मग पाना हातात घ्या

जुना ट्रॅक्टर चालता चालता दम सोडतो, बंद पडतो, आणि बांधावरचा कोणीही सांगतो की हवा धरली असेल (म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली असेल), हवा काढ. मग आपण फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो, हातपंप मारतो, आधी फेस येतो मग स्वच्छ डिझेल येतं, सेल्फ मारला की ट्रॅक्टर चालू. वाटतं झालं काम. अर्ध्या तासानं परत तेच.

आमच्याकडे ज्वारीच्या पेरणीत हेच 3 दिवस चाललं होतं, वडील दर तासाला हवा काढायचे, मिस्त्रीनं येऊन दोन्ही फिल्टर बदलले, वायसर (जॉइंटमधल्या चकत्या) बदलले, तरी काही फरक नाही, वाफसा निघून चालला होता आणि घरात कोणाला नीट जेवण जात नव्हतं.

तर नळी चोक होणं आणि हवा धरणं यातला फरक कसा ओळखायचा ते सांगतो. नळी चोक असली की ट्रॅक्टर रिकामा उभा असताना मस्त चालतो कारण तेव्हा डिझेल थोडंच लागतं, पण नांगर किंवा रोटर जमिनीत घातला की रेस वाढवूनही ताकद येत नाही, आवाज हळूहळू बसत जातो, आणि धूर काळा होत नाही (काळा धूर निघून ताकद कमी होत असेल तर आधी एअर क्लीनर बघा, तो वेगळा विषय आहे). बंद पडल्यावर 10-15 मिनिटं थांबलं की आपोआप परत चालू होतो कारण तेवढ्यात डिझेल झिरपत पुढं जाऊन फिल्टर भरतो. हवा धरत असेल तर रिकामा उभा असतानाही आवाज वरखाली होतो, मिसिंग येतं, सकाळी पहिला स्टार्ट अवघड जातो, आणि स्क्रू सैल केला की प्रत्येक वेळी बुडबुडे येतात.

आता खरी गोम इथं आहे. चोक नळी स्वतःच हवा धरायला लावते. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, वाटेत कचरा अडकला की ओढ वाढते, आणि मग एरवी एक थेंबही न गळणारा जॉइंट बाहेरची हवा आत घ्यायला लागतो. म्हणून बुडबुडे दिसले की वायसर खराब असं लगेच धरून चालू नका, आम्ही तिथंच फसलो होतो.

तपासायला अवघड काही नाही. आधी टाकीचं झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवून बघा, झाकणाचं बारीक भोक बुजलं असेल तर टाकीत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही, कितीतरी वेळा एवढंच निघतं. नाहीतर फीड पंपाकडची नळी सोडा, खाली बाटली धरा, टाकीचा कॉक उघडा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरची टाकी पंपापेक्षा वर असते त्यामुळं धार आपोआप पडायला पाहिजे. धार जोरात आणि एकसारखी पडत राहिली तर नळी साफ आहे, हवा शोधा. सुरुवातीला जोरात पडून मग बारीक झाली तर टाकीतला कचरा तोंडाशी येऊन बसतोय.

आमची धार सुतासारखी होती. नळी दोन्हीकडून सोडून पांढऱ्या फडक्यावर झटकली तर तपकिरी गंजाचे पापुद्रे, काळा शेवाळासारखा चिकट गोळा, आणि त्यात गुंतलेला चिंधीचा दोरा. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्री आत पाणी धरतं, त्यानं गंज चढतो आणि पाणी-डिझेलच्या मधे तो बुळबुळीत थर वाढतो.

साफ करताना नळी रात्रभर डिझेलमधे बुडवून ठेवा, मग जुन्या क्लच वायरची एक तार आतून फिरवा, नंतर पंपाच्या बाजूच्या तोंडातून टाकीकडे कॉम्प्रेसरची हवा मारा. ही हवा नळी गाडीवरून काढल्यावरच मारायची, फीड पंपात किंवा फिल्टरमधे चुकूनही नाही. टाकी पण धुवा, नाहीतर आठवड्यात परत तेच. मोठ्या पंपापासून (हा फीड पंप नव्हे, जोरानं डिझेल ढकलणारा दुसरा पंप) इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या जाड लोखंडी नळ्यांत मात्र तार घालू नका, त्यांचं भोक फार बारीक असतं, आतून ओरखडा पडला किंवा तार तुटून राहिली तर नळी गेली. आणि इंजिन चालू असताना तिथली गळती बोटानं चाचपू नका, ती धार कातडीतून आत घुसते, असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

बसवताना तांब्याचे वायसर नवे घाला, नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होऊन परत नीट बसतात. मग हवा आधी फिल्टरची काढा, नंतर मोठ्या पंपाची, तरीही चालू झाला नाही तर शेवटी नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा. आणि तरीही बुडबुडे येत राहिले तर टाकी आणि फीड पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा, हवा फीड पंपाच्या आधी शिरतेय का नंतर ते डोळ्यांनी दिसतं.