क्विल्टमधले प्राणी: त्रिकोणी हंसांपासून वीस फुटी मगरीपर्यंत

आजकाल आर्ट क्विल्ट (क्विल्ट म्हणजे गोधडीसारखे कापडाचे थर एकत्र शिवलेली रजई, आणि आर्ट क्विल्ट म्हणजे तीच चित्रासारखी भिंतीवर लावायची) म्हणून जे वाघ, घुबडं, हत्ती बघायला मिळतात, अगदी डोळ्यातली चमकसुद्धा दोऱ्याने काढलेली, ते बघून वाटतं ही गेल्या दहा-वीस वर्षांतली हौस असेल. तसं नाहीये. प्राणी क्विल्टवर दोनेकशे वर्षं तरी आहेतच, फक्त ते कसे दिसणार हे करणारीच्या मनात काय आहे यापेक्षा तिच्या हातात कापड कुठलं आणि हत्यार कुठलं यावर जास्त ठरत आलंय.

पॅचवर्क म्हणजे मुळात सरळ रेषेत कापलेले तुकडे. त्रिकोण, चौकोन जोडून गोल गुबगुबीत ससा कुठून येणार? म्हणून अमेरिकेतल्या जुन्या डिझाइन्समध्ये प्राणी आहेत पण नावापुरते. 'फ्लाइंग गीज' म्हणजे एका दिशेने जाणारी त्रिकोणांची रांग, झाले उडणारे हंस. 'बेअर्स पॉ'मध्ये मोठा चौकोन हा अस्वलाचा पंजा आणि कडेचे छोटे त्रिकोण ही नखं. मला स्वतःला ही नखं आजच्या कित्येक हुबेहूब अस्वलांपेक्षा जास्त आवडतात, पण ते असो.

खराखुरा दिसणारा पक्षी हवा असेल तर एक सोपा रस्ता होता, छापलेला पक्षी कापून घ्यायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेतल्या खात्यापित्या घरच्या बायका चिटाच्या कापडातले मोर, पोपट, फुलं कातरून पांढऱ्या सुती कापडावर शिवायच्या, याला ब्रॉडरी पर्स म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये 'पर्शियन भरतकाम'. आणि नावात पर्शिया असला तरी आधीचं उत्तम चीट यायचं आपल्याकडून, कोरोमंडल किनाऱ्यावरून, नंतर इंग्लंडातच तसं छापायला लागले. कापड महाग, त्यामुळे हातभर तुकड्यातली चित्रं सुटी करून अख्ख्या चादरीवर पसरवली की काम भागायचं. म्हणजे त्या क्विल्टवरच्या कितीतरी पक्ष्यांचं मूळ रेखाटन दक्षिण भारतातल्या कुठल्यातरी कारागिराचं, ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. (बंगालच्या कांथावर हत्ती, घोडे, मासे सुईनेच काढलेले असतात, दोरा बऱ्याचदा जुन्या साडीच्या काठातून ओढलेला, पण ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. आपल्या गोधडीत मात्र चौकोन आणि धावदोराच जास्त.)

आता हॅरिएट पॉवर्स, क्विल्ट करणारी कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. हिच्यापाशी थांबायलाच हवं. जन्म १८३७, जॉर्जिया राज्यात अथेन्स गावाजवळ, गुलामगिरीत. १८८६ साली तिथल्या कापूस मेळ्यात तिचं बायबलमधल्या गोष्टींचं क्विल्ट मांडलेलं होतं, ते जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं आणि विकत मागितलं, तर पॉवर्स सरळ नाही म्हणाली. पुढे काही वर्षांनी हात तंगीत आला तेव्हा तिनेच विकायला काढलं, मागितले १० डॉलर, मिळाले ५. नंतर ती आपलं क्विल्ट बघायला परत परत जायची. स्मिथबाईंनी तिच्याकडून प्रत्येक चौकटीचा अर्थ विचारून लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला ते कळतं. पहिल्या चौकटीत आदम-ईव्ह प्राण्यांना नावं देतायत, हत्ती, उंट, शहामृग वगैरे, आणि स्मिथबाईंनी गंमत टिपलीये की पाय दाखवलेला एकच प्राणी आहे आणि तो म्हणजे साप!

तिचं दुसरं क्विल्ट १८९५ ते ९८ मधलं, ते बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे (पहिलं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे). त्यात एका चौकटीत फेब्रुवारी १८९५ ची भयंकर थंडी, खेचराच्या श्वासाचा बर्फ झालाय, निळे पक्षी सगळे मेलेत. आणि दुसरीकडे 'बेट्स' नावाची स्वतंत्र बाण्याची डुकरीण, जी म्हणे जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळत गेली. गुलामीत जन्मलेल्या बाईने उत्तरेकडे पळालेली डुकरीण क्विल्टवर का घेतली असेल यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय, शिवाय पॉवर्सच्या सपाट आकारांचं पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याच्या ॲप्लिकशी (कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवण्याच्या कामाशी) साम्यही दाखवलंय. मला तरी ही डुकरीण पुढच्या सगळ्या प्राणी-क्विल्टांची आजी वाटते, कारण ती शोभेसाठी आलेली नाही, तिची स्वतःची गोष्ट आहे.

१८८० च्या दशकात क्रेझी क्विल्टवर, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांच्या क्विल्टवर, रेशमी कोळी, घुबडं, फुलपाखरं भरायची फॅशन आली आणि गेली.

मग एकदम १९७१. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुनी क्विल्ट्स भिंतीवर चित्रांसारखी टांगली, पण निवडली ती भौमितिक, त्यामुळे प्राणी पुन्हा बाहेरच. १९७९ मध्ये 'क्विल्ट नॅशनल' हे आर्ट क्विल्टचं प्रदर्शन सुरू झालं ते ओहायोतल्या अथेन्समध्ये (हे वेगळं अथेन्स), आणि जागा कुठली तर १९१४ साली बांधलेला गाईंचा गोठा, पाडायला निघालेला तो लोकांनी वाचवला होता.

खरी उलथापालथ अवजारांनी केली. १९७९ मध्येच जपानच्या ओल्फा कंपनीने रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचं कापायचं हत्यार, आणला, पण तो सरळ रेषेचा राजा, प्राण्यांना त्याचा फार उपयोग नाही. उपयोग झाला तो इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीचा, कारण आता कानाच्या टोकाची, मिशीजवळची कड दुमडून शिवायची गरजच उरली नाही, कापा आणि चिकटवा. दुसरं म्हणजे शिलाई मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून कापड हाताने फिरवत शिवणं, म्हणजे दोऱ्यानेच पिसं आणि फर रंगवता येतात. हे मशीनकाम आधी कमी दर्जाचं समजायचे. १९८९ ला अमेरिकेतल्या पडुका गावच्या मोठ्या क्विल्ट स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि बरीच कुरकुर झाली, पण दार उघडलं ते उघडलंच. २००० मध्ये तिलाच पुन्हा पहिला मान, यावेळी रंगीबेरंगी पक्ष्यांसाठी.

सुझन कार्लसन या अमेरिकन क्विल्ट कलाकाराची मगर तर वीस फुटांहून लांब आहे, फुलांच्या, नक्षीच्या छापील कापडांचे बारके तुकडे चिकटवत केलेली. जवळून बघितलं तर नुसती फुलं आणि ठिपके, मागे सरकलं की खवले. तिचा नियम असा की रंग कुठलाही चालेल, उजेड-सावलीची पट्टी बरोबर पाहिजे, म्हणून तिचा गेंडा गुलाबी असूनही गेंडाच दिसतो.

आता भांडण वेगळंच आहे, फोटोचं. बहुतेक प्राणी-क्विल्ट फोटोवरून होतात, आणि नेटवरून उचललेला चित्ता दुसऱ्या कुणीतरी जंगलात बसून टिपलेला असतो, त्यामुळे बऱ्याच स्पर्धा फोटोग्राफरची लेखी परवानगी मागतात. म्हणून स्वतःच्या मांजरापासून सुरुवात करणारे जास्त!