कार्बाइडची टिप आणि आपला सागवान

चंद्रपूर-गडचिरोलीचा सागवान नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तो बल्लारपूरहून गेला. त्याच सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर, सुंदर पेन होतात. पण ते करू पाहणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का आहे: कार्बाइड (टंगस्टन धातू आणि कार्बनचं संयुग; त्याचं छोटं पातं, म्हणजे टिप, हत्याराच्या दांड्यावर स्क्रूने बसवतात) पोलादाहून कठीण, म्हणून त्याची धारही जास्त तीक्ष्ण. तसं नाही. ती जास्त टिकते, एवढंच.

सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. पोलादी पटाशी तिच्यापुढे लवकर बोथट होते. कार्बाइड का टिकतं, हे पाहण्यासारखं आहे. टंगस्टन वितळायला ३,४२२ अंश सेल्सिअस लागतात. त्याचं कार्बाइड ओतून घडवायचं कसं? म्हणून कार्बाइडच्या पुडीत थोडी कोबाल्टची पूड मिसळून साच्यात दाबतात आणि सुमारे १,४०० अंशांवर भाजतात. आता शुद्ध कोबाल्ट वितळतं १,४९५ अंशांना, मग इथे ते आधीच कसं पातळ होतं? तापताना त्यात थोडं टंगस्टन आणि कार्बन विरघळतं, त्यामुळे वितळणबिंदू खाली येतो. हा द्रव कणांमधल्या फटींत आपसूक शिरतो, कणांना जवळ ओढतो आणि तुकडा आक्रसून घट्ट होतो. चिक्कीतले दाणे गुळाच्या पाकात बसतात तसे. जर्मनीत १९२३ च्या सुमारास कार्ल श्रोटर यांनी ही कृती बसवली. विजेच्या दिव्यांची टंगस्टनची तार ओढायला न झिजणारे साचे हवे होते.

पण हे कण ठिसूळ. धार फार निमुळती केली की कडेचे कण निखळतात, म्हणून तिचा कोन जाडच ठेवावा लागतो. ताजी परजलेली पोलादी पटाशी मऊ लाकडावर जास्त गुळगुळीत कापते, ती यामुळेच.

पेनसाठी किंचित बाक असलेल्या कडांची चौकोनी टिप घ्या. सरळ कडेचे कोपरे लाकडात रुततात. खोलगट भागाला गोल टिप. दांडा आडवा, सपाट धरा, धार लाकडाच्या मध्याच्या उंचीवर ठेवा आणि पातळ पापुद्रे काढा. ॲक्रिलिक या कडक प्लॅस्टिकवर तर आणखी हलक्या हाताने, नाहीतर टवका उडतो.

‘आयुष्यभर धार’ ही जाहिरात साफ खोटी आहे. कड बोथट झाली की टिप फिरवा. त्याआधी टिप बसते त्या खाचेतला भुसा पुसा, कारण त्यावर स्क्रू आवळला तर टिप तडकते. सगळ्या कडा गेल्या, तर वरचा सपाट भाग हिऱ्याची पूड बसवलेल्या, धार लावायच्या पट्टीवर पाणी घालून घासा. कोरडी घासू नका, कोबाल्टची धूळ फुप्फुसाला घातक असते.