सरकलेला डोळा

चपट्या माशांचे दोन्ही डोळे डोक्याच्या एकाच बाजूला असतात. पिल्लू मात्र इतर माशांसारखंच जन्मतं, एक डोळा इकडे, एक तिकडे. वाढता वाढता एक डोळा कपाळावरून पलीकडे सरकतो आणि मासा कुशीवर पडून राहू लागतो.

१८७१मध्ये जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी यावरूनच डार्विनला पेचात धरलं. डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्याचा फायदा काय? फायदा नसेल तर निसर्ग तो टिकवेल कसा? प्रश्न रास्तच होता. डार्विनने पुढच्याच वर्षी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण दाखवायला जीवाश्म नव्हता.

अस्थिमत्स्यांचा, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांचा, इतिहास खरं तर फार जुना. चीनच्या युन्नानमधला ग्वियू हा मासा सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. पण जुन्या अस्थिमत्स्यांच्या अंगावर बहुधा जाड, चकाकत्या खवल्यांचं चिलखत असे. पातळ खवल्यांचे, आज ओळखीचे वाटतील असे मासे बरेच उशिरा आले. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात अनेक मोठे शिकारी मासे संपले आणि मोकळ्या झालेल्या समुद्रात उरलेल्यांचे वंश झपाट्याने फुटत गेले.

त्याचा पुरावा बघायचा तर इटलीत, व्हेरोनाजवळच्या मोंते बोल्काला. तिथला चुनखडक सुमारे ५ कोटी वर्षांचा. त्याची पातळ फरशी उकलली की मासा काट्याकाट्यासकट समोर येतो, काही ठिकाणी तर कातडीवरच्या रंगखुणांसह. अँफिस्टियम हा त्यातलाच. त्याला हे नाव १९व्या शतकातच मिळालं होतं, पण फरशीवर माशाची बहुधा एकच बाजू दिसते. पलीकडचा डोळा कुठे आहे, हे बघणार कोण?

ते बघितलं जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी. अँफिस्टियमच्या कवट्या त्यांनी सीटी स्कॅनमध्ये घातल्या आणि व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या एका नमुन्यावरून हेटेरोनेक्टिस हा नवा मासा ओळखला. दोघांचाही एक डोळा वर चढलेला, पण कपाळ ओलांडून पलीकडे गेलेला नाही. नेमकी मिव्हार्टना अशक्य वाटलेली अवस्था! २००८मध्ये हे प्रसिद्ध झालं. नमुने मात्र त्याआधी कितीतरी वर्षं संग्रहालयात पडून होते.

आणि अर्धवट डोळ्याचा उपयोग? भाकस या आजच्या चपट्या माशाकडे बघावं. त्याचा सरकलेला डोळा आजही डोक्याच्या अगदी वरच्या कडेशीच थांबतो, आणि तरी तो तगून आहे.